सरांनी मागे घेतलेलं वाक्य

सक्करदऱ्याच्या घराचं फाटक उघडलं आणि समोर शिळाच दिसली. काळी, गुळगुळीत, भिंतीला टेकवून ठेवलेली, अंगावर लाल मखमली पडदा. पडदा एका कोपऱ्यात सरकला होता आणि सोनेरी अक्षरांतलं शेवटचं ‘वचन’ तेवढं बाहेर डोकावत होतं. बाकीचं वाचायची मला गरज नव्हती. हे वाक्य मी लग्नपत्रिकांवर वाचलंय, वकिलांच्या टेबलांवर वाचलंय, दिनदर्शिकांवर वाचलंय, आणि एकदा तर निवडणुकीच्या फलकावर, अशा एका गृहस्थाच्या फोटोखाली, की फलक लावणाऱ्यालाही हसू आवरलं नसेल. ‘माणूस म्हणजे त्याने पाळलेलं वचन.’ आमच्या सरांचं वाक्य. याच वाक्यानं कॉलेजातल्या मास्तराचा तत्त्वज्ञ केला, त्यांची पुस्तकं दुसऱ्या भाषांत नेली, आणि दूरदूरच्या विद्यापीठांतली माणसं या अंगणात आणून बसवली.

येत्या रविवारी ही शिळा घराच्या दर्शनी भिंतीत बसणार आहे. घराचं स्मारक होतंय. पडद्याची दोरी काकूंनी ओढायची, असं समितीनं एकमतानं ठरवलंय. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. काकूंना आता सर कोण, ते आठवत नाही.

मी आले ती ठरवूनच आले होते. हे होऊ द्यायचं नाही.

मुद्दाम आजचा दिवस निवडला. आज मारबत. पोळ्याचा दुसरा दिवस. नागपूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. बांबू-कागदाच्या अक्राळविक्राळ बाया, एक काळी आणि एक पिवळी, वाजतगाजत शहरभर फिरवतात. सोबत बडगे असतात, म्हणजे वर्षभरात ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे. लोक गळा काढून ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. शेवटी सगळं नेऊन जाळून टाकतात. येताना रस्त्यात एक छोटा बडगा दिसला, त्याच्या पोटावर ‘रस्त्यावरचे खड्डे’ असं लिहिलं होतं आणि पोट्टे त्याला नाचवत नेत होते. मला एकदम आमचं गाव, खापा, आठवलं.

खाप्याला हा थाट नव्हता. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या लावायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काढून घरभर फिरवायच्या आणि गावाबाहेर टाकून यायच्या. आई कोपऱ्याकोपऱ्यातून डहाळी फिरवत म्हणायची, खोकला घेऊन जा गे मारबत, ढेकूण घेऊन जा गे मारबत. बाबा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले असायचे. ते तिथूनच ओरडायचे, “गुडघेदुखी राह्यली वं!” मग आई पुन्हा मागे फिरायची आणि त्यांच्या गुडघ्यांवरून डहाळी फिरवायची. घरात सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, नदीकडून येणारा ओला वारा, आणि मागाची खटखट. ती खटखट थांबली की आम्हाला जाग यायची. झोपेत ती कानांना लागायचीच. अजून कधीकधी पहाटे उगाचच जाग येते, आणि काय थांबलं ते कळत नाही.

कॉलेजात तत्त्वज्ञान घेते म्हटल्यावर बाबांनी मागावरचा धोटा हातात धरूनच विचारलं, “त्याच्यात काय शिकवते?”

“माणूस म्हणजे काय, ते.”

“बरं,” बाबा म्हणाले. “समजलं का मलेही सांगजो.”

सरांचा पहिला तास हिवाळ्यातला. उंच, जरा वाकलेला माणूस आत आला, टेबलावर टेकला आणि संत्रं सोलायला लागला. फोडी पुढच्या बाकावर वाटल्या, साल खिशात टाकली. त्या कडसर वासानं वर्ग भरून गेला, आणि तेवढ्यात सरांनी सहज विचारलं, “काल या बाकावर एक पोट्टा बसला होता. आज एक बसून आहे. हा तोच आहे, कशावरून?” कोणी म्हणालं, चेहरा तोच. सर म्हणाले, चेहरा रोज थोडा थोडा बदलते, म्हातारपणी पाहून घेजो. कोणी म्हणालं, त्याला कालचं आठवतं. सर म्हणाले, तुले परवाच्या जेवणात काय होतं ते आठवते का? नाही ना? मग परवा जेवला तो कोण होता? तास संपेपर्यंत त्यांनी आमचं सगळं काढून घेतलं होतं, आणि आम्ही मजेत होतो.

सर लिहायचे शुद्ध, रेखीव मराठीत. बोलायचे मात्र असं. पुण्याहून आलेले पाहुणे आधी चपापायचे, मग वही काढायचे.

त्या वाक्याची गोष्ट त्यांनी आम्हाला दुसऱ्या की तिसऱ्या तासाला सांगितली. सरांचे वडील सावनेरकडचे शेतकरी. शेजाऱ्याला त्यांनी वचन दिलं होतं, अमुक दिवशी तुझं रान नांगरून देतो. त्या दिवशी त्यांना ताप भरला, असा की डोळे लाल, आवाज भलताच, बायकोला ओळखेनात, मुलाला ओळखेनात. पण वेळ झाली तसे बाजेवरून उठले, बैल जुंपले आणि गेले. लहानगे सर मागोमाग. “चेहरा बापाचा नव्हता,” सर सांगायचे, “आवाज बापाचा नव्हता. मले तो ओळखत नव्हता. मग दिवसभर मी कोणाच्या मागं चालून राहिलो होतो? त्या वचनाच्या.” म्हणून शरीर नव्हे, आठवण नव्हे. कालचा मी आणि आजचा मी यांना बांधणारी दोरी एकच. काल दिलेलं वचन आज पाळणं. ही दोरी सुटली की माणूस सुटला. मी त्याच क्षणी सरांची शिष्या झाले, आणि मागच्या बाकावरचा सुधाकरही. उमरेडचा सुधाकर. आम्हा दोघांच्या घरी माग, दोघांच्याही बोलण्यात गाव, आणि दोघेही हट्टी. आज तो स्मारक समितीचा अध्यक्ष आहे.

सक्करदऱ्याचं हे घर तेव्हापासूनचं. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर काकू तांब्यानं पाणी मारायच्या, आणि त्या गारव्यात आम्ही सतरंजीवर बसून माणसाबद्दल भांडायचो. बाहेर मे महिना डांबर वितळवत असायचा. हिवाळ्यात सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वडीचा, वास. संध्याकाळी सर आणि काकू तळ्याला एक फेरी मारायचे. ते लग्नाच्या वेळचं वचन होतं म्हणे, वादळ येवो की पाहुणे येवोत. कितीही रंगात आलेला वाद असो, काकू चपला घालून दारात उभ्या राहिल्या की सर वाक्य अर्धवट सोडून उठायचे. परतल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचे, त्यामुळे मधल्या वेळात आम्ही कधी पानपट्टीपर्यंतसुद्धा गेलो नाही.

आणि वर्षातून एकदा, मारबतीच्या दिवशी, या घरी एक विधी असायचा. जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. सगळ्यांनी गोल बसायचं आणि प्रत्येकानं आपलं एक मत सोडायचं. नियम कडक होते. दुसऱ्याचं मत सोडायचं नाही, स्वतःचंच. ज्याच्यासाठी कधी कोणाशी भांडला नसाल असलं फुटकळ मत चालणार नाही. आणि त्या मताला कोणी हरवलं ते नाव घेऊन सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून ओरडायचं, घेऊन जा गे मारबत. सर म्हणायचे, लोक दुसऱ्याचे बडगे काढतात, आपण स्वतःचे काढू. सर स्वतः दरवर्षी काहीतरी सोडायचे. एका वर्षी छापून आलेल्या पुस्तकाचं अख्खं एक प्रकरण सोडलं, आणि प्रकाशक तिथेच बसला होता, त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मी पहिल्या वर्षी म्हटलं, तत्त्वज्ञान रिकामटेकड्यांचं काम आहे हे माझं मत होतं. “कोणं हरवलं त्याले?” सरांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही. “मास्तराचं नाव घेतलेलं चालत नाही. खुशामत होते ती. दुसरं शोध.” मला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. काकूही बसायच्या गोलात. एकदा त्यांची पाळी आली तर म्हणाल्या, “वांग्याच्या भाजीत गूळ टाकू नये, हे माझं मत. याच्यापायी माझ्या नणदेशी मी बारा महिने बोलली नाही. काल तिनं टाकला अन् मी दोनदा घेतली. घेऊन जा गे मारबत.” सर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या वर्षी सगळ्यात खरं मत काकूंचंच होतं, असं त्यांनी जाहीर केलं. नियमात ते तंतोतंत बसत होतं.

मग काकू विसरायला लागल्या. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या घर कुठल्या बाजूला ते विचारू लागल्या. सरांबरोबर मी त्यांना धंतोलीच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर बाकांवर यवतमाळ-गोंदियाहून आलेली माणसं, मांडीवर एक्स-रेची पाकिटं, कोणी भाकरी-ठेचा उघडलेला. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, आज वार कोणता? काकू ताठ बसून म्हणाल्या, “तुम्हाले माहीत नाही का?” सर मोठ्यानं हसले. मग काकूंनी त्यांच्याकडे वळून, अगदी आदबीनं विचारलं, “तुम्ही कोणाकडचे?” सरांचा तो चेहरा मला विसरता आलेला नाही. माझा जीव तुटला होता, आणि त्यांचा तर तुटताना दिसत होता.

पुढचं वर्षभर सरांनी एक ओळ लिहिली नाही. सकाळी काकूंची वेणी घालायचे. शिकले होते ते, शेजारच्या मुलीकडून, आणि पेड सारखे येत नाहीत म्हणून पुन्हा सोडून घालायचे. खोबरेल तेलाचा वास आता त्यांच्या हातांनाच येत असे. संध्याकाळी फेरी चालू होती. काकू त्यांच्याबरोबर जायच्या ते एखाद्या सभ्य अनोळखी माणसाबरोबर जावं तशा, थोडं अंतर ठेवून.

त्या वर्षीच्या मारबतीला फारसं कोणी आलं नाही. मी होते, सुधाकर होता, काकू होत्या. सरांनी माझी पाळी येऊ दिली नाही, स्वतःच सुरू केलं.

“मी लिहिलं, माणूस म्हणजे त्यानं पाळलेलं वचन. ते आज सोडून राहिलो.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “हिले आता एकही वचन आठवत नाही. माझ्या पुस्तकाप्रमाणं ही कोणीच नाही. मग रोज सकाळी मी वेणी घालतो, ती कोणाची? अन् ती बापाची गोष्ट. मी खोटी नाही सांगितली, पण चुकीची समजलो. तो त्या दिवशी नांगरायले गेलाच नसता, बाजेवर पडून राहिला असता, तरी मी त्याच्या पायथ्याशीच बसलो असतो. मी बापाच्या मागं चाललो होतो. वचनाचा अर्थ त्यात मी मागून घातला.”

नियम होता म्हणून मी विचारलं, “कोणं हरवलं, सर?”

त्यांनी काकूंकडे बोट केलं. काकू पदराच्या टोकाशी खेळत होत्या. सुधाकरनं विचारलं, “मग आता माणूस म्हणजे काय, सर?”

“माहीत नाही. ते ठिकाण आता रिकामं आहे. राहू दे थोडे दिवस रिकामं.”

आम्ही तिघांनी हळू आवाजात म्हटलं, घेऊन जा गे मारबत. हिवाळा लागायच्या आत सर गेले. खाप्याला बाबांना मी काय सांगायचं, तोही प्रश्न तसाच राहिला.

सर गेल्यावर हे मी लपवून ठेवलं नाही. शोकसभेत सांगितलं, नंतरही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, डोळे टिपले, आणि बाहेर पडताना तेच वाक्य छापलेलं बुकमार्क घेऊन गेले. सोडलेलं मत दिनदर्शिकेवर शोभत नाही, त्याला कोण काय करणार? त्या गोलात पुढे कोणी बसलं नाही. मारबतीला आता सरांच्या फोटोला हार घालतात आणि पेढे वाटतात. जो माणूस दरवर्षी स्वतःला खोडून पाहायचा, त्याला दगडात कोरायचं आमच्या लोकांनी ठरवलं, आणि त्यात कोणाला काही खटकलं नाही.

“आलीस?” सुधाकर आतून बाहेर आला. हातात काकूंच्या औषधांची पिशवी होती. दर महिन्याला तोच आणतो, एकदाही चुकलेला नाही. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर मी त्याच्यावर अन्याय करीन.

“रविवारी मी बोलणार आहे, सुधाकर. पडदा उघडायच्या आधी.”

“काय बोलणार, ते माहीत आहे मले.” तो पायरीवर बसला. “तू काहून समजून नाही घेत वं? सरांचं नाव या एका वाक्यावर उभं आहे. ते काढलं तर नवीन पोट्ट्यांनी काय वाचायचं? रिकामी भिंत?”

“हो. रिकामी भिंत. सरांनी तेच सांगितलं होतं.”

“सर दुःखात होते तेव्हा. दुःखात बोललेलं मत नसते.”

“मग तापात पाहिलेलं कसं काय मत होते गा? बापाच्या तापातून निघालेलं वाक्य तुले चालते, बायकोच्या आजारातून निघालेलं चालत नाही?”

वर्गातही तो हरला की चष्मा पुसायचा. आता पुसत होता.

“छापलेलं नाही ते,” तो शेवटी म्हणाला. “पुरावा काय?”

“तू.”

“मी एकटा?”

“तू अन् मी. अन् ज्यांच्या हातात तू दोरी देऊन राहिला, त्या.” माझा आवाज चढला, चढू दिला. “त्या दगडाचा अर्थ काय होते, हे तुले समजते. तो म्हणते, काकू माणूस नाही. अन् तो उघडायचा काकूंनी. तू माईक दिला नाही तर मी बिनामाईकची बोलन. शाळेत शिकवलं आहे मी, माझा आवाज तळ्यापर्यंत जाते. अन् तरी बसवायचीच असन शिळा, तर त्या भिंतीसमोर मी खुर्ची टाकून बसून राहीन. मले उचलून बाजूले ठेवा अन् मग बसवा.”

तो हसला नाही. “एकदा पाहू तर दे काकूंले जमते का,” एवढंच म्हणाला. हट्टी तोही आहेच.

काकूंना त्यानं हात धरून बाहेर आणलं. सांभाळणाऱ्या बाईनं त्यांची वेणी घट्ट आणि सारख्या पेडांची घातली होती. शिळेसमोर खुर्ची ठेवली, काकूंना बसवलं. पडद्याची दोरी त्यानं त्यांच्या बोटांना गुंडाळून दिली. “ओढा काकू. हळूच.”

काकूंनी ओढली. मखमल खाली घसरली. उन्हात सोनेरी अक्षरं एकदम चमकली. काकू पुढे वाकल्या. त्यांना वाचता येतं अजून, वाचलेलं टिकत नाही इतकंच. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी लहान मुलीसारखं पूर्ण वाक्य वाचलं. मग मागे टेकून विचारलं, “कोनं लिवलं वं हे?”

मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्याशी.

“एक सर होते, काकू. त्यांनी लिहिलं. पण मग मागं घेतलं.”

“काहून?”

“त्यांच्या घरी एक बाई होती. तिला काहीच आठवेनासं झालं. वाक्याप्रमाणं ती बाई कोणीच नव्हती. ते म्हणाले, बाई तर समोर बसून आहे, म्हणजे वाक्यच चुकलं.”

काकूंनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. दूर कुठेतरी ढोल वाजत होता.

“चांगला मानूस असन,” त्या म्हणाल्या. मग सुधाकरकडे पाहून, शेजारच्या घरची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, “लग्न झालं होतं का गा त्याचं?”

सुधाकर त्यांच्यासमोर वाकला.

“झालं होतं, काकू,” तो म्हणाला, आणि त्यांच्या बोटांभोवतीची दोरी सोडवायला लागला.